बास्तीलच्या खिडकीतली साद : मार्की द सादला नेमकी कशाची शिक्षा झाली?

शिशिरसांज

एखाद्याच्या आडनावावरून विकृतीला नाव मिळते, ते नाव जगभरच्या भाषांत रुजते आणि मूळ माणूस मात्र विस्मरणात जातो, असे फार थोड्यांच्या बाबतीत घडले असेल. आपणही कोणा निर्दय साहेबाला सहज 'सॅडिस्ट' म्हणतो. त्या शब्दामागचा माणूस म्हणजे दोनास्यँ आल्फोंस फ्रांस्वा द साद. त्याचा जन्म २ जून १७४० रोजी पॅरिसमध्ये, राजघराण्याशी नाते असलेल्या काँदे कुटुंबाच्या वाड्यात झाला. वडील राजदूत होते आणि आई त्या घराण्यातील राजकन्येची सखी. त्याचे चुलते धर्मगुरू असूनही रसिक होते आणि त्यांनी पेत्रार्क या कवीचे मोठे चरित्र लिहिले. पेत्रार्कच्या कवितांतली प्रेयसी लॉरा आपल्याच घराण्यातली सून होती, असे साद कुटुंब अभिमानाने सांगत असे.

गेले काही महिने मी या माणसाविषयी मिळेल ते वाचतो आहे. राजेशाही, क्रांती आणि नेपोलियन या तिन्ही राजवटींनी त्याला तुरुंगात टाकले. एकमेकींच्या हाडवैरी असलेल्या राजवटींचे ज्या एका गोष्टीवर एकमत झाले, ती म्हणजे या माणसाला मोकळे ठेवता कामा नये. माझे मत मांडून ठेवतो: पहिल्या वेळी त्याला कृत्यांसाठी डांबले, शेवटच्या वेळी लेखनासाठी, आणि मधल्या वेळी तर तो पुरेसा क्रूर नव्हता म्हणून. आपल्याला काय वाटते? त्याला नेमकी कशाची शिक्षा झाली?

गोदाकाठ

'सॅडिस्ट' हा शब्द रोज कानावर पडतो, पण त्यामागे एक खराखुरा माणूस आहे हे आज कळले. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

निरंजना

शिशिरसांज, मांडणी चांगली आहे, पण 'कृत्यांसाठी' या एका शब्दात आपण फार मोठी गोष्ट गुंडाळून ठेवली आहे. ती उलगडून सांगणे मला आवश्यक वाटते.

३ एप्रिल १७६८, ईस्टरचा रविवार. पॅरिसच्या प्लास दे व्हिक्त्वार या चौकात रोज केलेर नावाची छत्तिसेक वर्षांची विधवा भीक मागत उभी होती. सूतकताईचे काम सुटल्यामुळे तिच्यावर ही वेळ आली होती. घरकामाचे आमिष दाखवून साद तिला आर्कई या गावातल्या आपल्या भाड्याच्या घरी घेऊन गेला. तेथे त्याने तिला कपडे उतरवायला लावले, पलंगाला बांधले आणि चाबकाने मारले. खोलीत कोंडलेल्या त्या बाईने चादरी एकमेकींना बांधून खिडकीतून खाली सुटका करून घेतली आणि ती गावातल्या बायकांकडे धावत गेली. तिचा जबाब नोंदवला गेला, म्हणून आज आपल्याला तिचे नाव तरी ठाऊक आहे.

चार वर्षांनी, १७७२ च्या जूनमध्ये, मार्सेय शहरात वेश्याव्यवसाय करणाऱ्या काही तरुणींना त्याने बडीशेपेच्या गोळ्यांतून कँथराइड नावाचे, एका भुंगेऱ्यापासून केलेले कामोत्तेजक चूर्ण खाऊ घातले आणि त्या गंभीर आजारी पडल्या. त्यानंतर १७७४-७५ च्या हिवाळ्यात लाकोस्त येथील त्याच्या गढीवर कामाला आणलेल्या कोवळ्या मुलींचे प्रकरण झाले, आणि आईबापांच्या तक्रारी दाबता दाबता कुटुंबाच्या नाकी नऊ आले.

विसाव्या शतकात या माणसाला 'स्वातंत्र्याचा महर्षी' ठरवणारे अनेक विद्वान झाले. त्यांच्या लेखनात या बायका पान उलटताना निसटून जातात. या चर्चेत तसे होऊ नये, एवढीच विनंती.

वकिलीबाणा

निरंजनाताईंच्या विनंतीला माझे पूर्ण अनुमोदन. त्याला जोडून कायद्याची बाजू मांडतो, कारण खरी गोम तेथेच आहे.

रोज केलेरला २४०० लिव्र (लिव्र म्हणजे तेव्हाचे फ्रेंच चलन) आणि औषधोपचारासाठी सात सुवर्णमुद्रा देऊन तक्रार मागे घ्यायला लावले गेले. पॅरिसच्या उच्च न्यायालयाने तरीही प्रकरण हाती घेतले, तेव्हा राजाने खास पत्राने खटलाच निकाली काढला. सादला १०० लिव्र दंड झाला आणि काही महिने किल्ल्यात राहावे लागले. म्हणजे पीडितेच्या हाती पैसे आले, पण न्यायनिवाडा झालाच नाही.

मार्सेयच्या प्रकरणात नेमके उलटे घडले. तेथल्या न्यायालयाने विषप्रयोग आणि अनैसर्गिक संभोग या आरोपांवरून त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड ठोठावला. तो तर मेहुणीला, म्हणजे बायकोच्या संन्यासदीक्षा घेतलेल्या धाकट्या बहिणीला, घेऊन इटलीला पळाला होता. म्हणून १२ सप्टेंबर १७७२ रोजी एक्स शहराच्या चौकात त्याच्या आणि त्याच्या नोकराच्या पुतळ्यांना शिक्षा देण्यात आली. पुढे १७७८ मध्ये त्याच शहरात फेरसुनावणी झाली. विषप्रयोग सिद्ध होत नाही असे ठरले, मृत्युदंड रद्द झाला आणि शिल्लक राहिली ती कानउघाडणी, ५० लिव्र दंड आणि तीन वर्षे मार्सेयमध्ये पाऊल न ठेवण्याची अट.

कायद्याने तो त्या दिवशी मोकळा व्हायला हवा होता. झाला नाही, कारण त्याच्यावर 'लेत्र द काशे' बजावलेले होते. हे राजाच्या सहीशिक्क्याचे बंद पत्र. त्यात आरोप नसे, मुदत नसे आणि त्याविरुद्ध अपीलही नसे. घराण्याची अब्रू वाचवण्यासाठी उनाड मुलाला किंवा जावयाला डांबून ठेवावे, असा अर्ज कुटुंबच करत असे. सादच्या बाबतीत तो अर्ज त्याच्या सासूचा होता. मादाम द मोंत्रय या करारी, कर्तबगार बाई होत्या. जावयाने एका मुलीच्या संसाराचे मातेरे केले आणि दुसरीची अब्रू घालवली, हे त्या विसरणे शक्य नव्हते. १७७७ च्या फेब्रुवारीत तो आजारी आईला भेटायला म्हणून पॅरिसला आला. आई आधीच वारली होती. त्याला १३ तारखेला पकडून व्हँसेनच्या किल्ल्यात टाकण्यात आले.

शिशिरसांज

निरंजनाताई, आपला आक्षेप मान्य आहे. मूळ लेखात रोज केलेरचे नाव यायला हवे होते.

वकिलीबाणा, याचा अर्थ त्याला कृत्यांसाठीही शिक्षा झाली नाही असा होतो का? सासूच्या अर्जावरून झाली ती कैद, शिक्षा नव्हे.

वकिलीबाणा

माझे म्हणणे तेच आहे. खटला चालला असता तर आरोप, साक्षी आणि मुदत हे सगळे ठरले असते. कैद सुरू झाली, पण ती कशासाठी हे कोठेच लिहिलेले नव्हते.

हिरवाचाफा

या सगळ्यात त्याच्या बायकोविषयी कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. रने-पेलाजीचे लग्न १७६३ मध्ये आईवडिलांनी ठरवले. सादांकडे कुळ होते, मोंत्रयांकडे पैसा. नवरा व्हँसेनमध्ये आणि नंतर बास्तीलमध्ये असताना तेरा वर्षे ही बाई त्याला पुस्तके, मेणबत्त्या, कपडे, बिस्किटे, मुरंबे पोहोचवत राहिली. एका पत्रात त्याने चॉकलेटचा केक मागवला आहे. तो आतून इतका काळा हवा, की धुराने सैतानाचे बूड काळे व्हावे, असे त्याचे शब्द आहेत. दुसऱ्या पत्रात तो तिला शिव्या घालतो, तिसऱ्यात माफी मागतो. तिच्या पत्रांत सुटकेच्या तारखेचे सांकेतिक आकडे दडले आहेत असा त्याला भ्रम झाला होता, आणि ओळी मोजून, अक्षरे मोजून तो गणिते मांडत बसे. भेटीला येताना तिने नीट झाकलेले, साधे कपडे घालावेत यावरूनही त्याने तिला छळले. हा कोण बोलतो आहे, हे लक्षात घ्या.

तिने आईशी वैर घेतले, स्वतःच्या गरजा तोडल्या आणि पॅरिसमधल्या मठात राहिली. १७९० मध्ये तो सुटून थेट तिच्या दाराशी गेला, तेव्हा तिने भेट नाकारली आणि विभक्त होण्याचा अर्ज केला. मला हा तिचा निर्णय फार मोठा वाटतो. कैदेत असलेल्या माणसाला तिने वाऱ्यावर सोडले नाही, आणि तो सुटल्यावर स्वतःला सोडवून घेतले.

कृष्णाकाठची

हिरवाचाफा, शेवटचे वाक्य मनात राहील.

लिपीकार

शीर्षकातल्या 'साद' या शब्दाकडे वळतो, कारण तो प्रसंग अजून कोणी सांगितलेला नाही.

१७८४ मध्ये व्हँसेनचा तुरुंग बंद झाला आणि सादला बास्तीलमध्ये हलवले. २ जुलै १७८९ रोजी, शहर धुमसत असताना आणि त्याचे तटावरचे फिरणे बंद केलेले असताना, घाण पाणी बाहेर टाकण्याची नळी त्याने कर्ण्यासारखी तोंडाला लावली आणि खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना ओरडून सांगितले, की आत कैद्यांचे गळे कापले जात आहेत, वाचवा. ते खरे नव्हते. खाली गर्दी मात्र जमली. किल्लेदाराने घाबरून वर कळवले आणि ३ जुलैच्या मध्यरात्रीनंतर सादला अंगावरच्या कपड्यांनिशी उचलून शारांतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले. त्यानंतर दहाच दिवसांनी, १४ जुलैला, बास्तील पडली. आत फक्त सात कैदी उरले होते. आठवा थोडक्यात हुकला.

त्याच्या कोठडीत शेकडो पुस्तके आणि हस्तलिखिते राहिली होती. जमावाने ती फाडली, लुटली, जाळली. त्यात एक गुंडाळी होती. १७८५ मध्ये, २२ ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर अशा सदतीस दिवसांत, संध्याकाळी सात ते दहा या वेळात बसून त्याने 'सोदोमचे १२० दिवस' या कादंबरीची प्रत तयार केली होती. कागद जप्त होईल या भीतीने त्याने जेमतेम ११ सेंटिमीटर रुंदीचे तुकडे एकापुढे एक चिकटवले आणि सुमारे १२ मीटर लांबीची पट्टी केली. तिच्या दोन्ही बाजूंना मुंगीच्या पावलांएवढे अक्षर आहे. तिचे छायाचित्र पाहताना मला आपल्याकडच्या जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या आठवल्या, पण हिच्या ओळी इतक्या दाट आहेत की समासच नाही. या गुंडाळीसाठी आपण रक्ताचे अश्रू ढाळले, असे त्याने लिहून ठेवले आहे. ती गेली असे समजूनच तो मेला.

ती गेली नव्हती. एका माणसाने ती कोठडीतून उचलली होती. पुढे एका सरदार घराण्याकडे ती शतकभर राहिली, मग बर्लिनचे डॉक्टर इव्हान ब्लोख यांनी १९०४ मध्ये टोपणनावाने ती प्रथम छापली. १९२९ मध्ये ती सादच्या वंशातल्या एका बाईंच्या घरी परत आली, १९८२ मध्ये विश्वासघाताने गायब होऊन स्वित्झर्लंडमध्ये विकली गेली, २०१४ मध्ये ७० लाख युरोंना फ्रान्समध्ये आली, २०१७ मध्ये तिला राष्ट्रीय ठेवा जाहीर करण्यात आले आणि २०२१ मध्ये सरकारने ४५ लाख ५० हजार युरो मोजून ती राष्ट्रीय ग्रंथालयासाठी घेतली. ज्या राज्यव्यवस्थेने तिच्या लेखकाला कोंडले, तिच्याच वारसदारांनी ती आता तिजोरीत जपली आहे.

गोदाकाठ

लिपीकार, धन्यवाद. एक शंका आहे. हा माणूस जन्माने उमराव. १७९३ मध्ये उमरावांची मुंडकी उडत होती. मग हा कसा वाचला?

सीनतीर

गोदाकाठ, पॅरिसमध्ये अकरा वर्षे राहते आहे आणि या प्रश्नाचे उत्तर जेथे मिळते तेथे दोनदा जाऊन आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मार्च १७९० मध्ये संविधान सभेने 'लेत्र द काशे' रद्द केली आणि २ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, साद बाहेर पडला. पन्नाशीला टेकलेला, तुरुंगात बसून अतोनात लठ्ठ झालेला, नाटके लिहून नाव कमवावे अशी इच्छा असलेला. 'मार्की' ही उमरावी पदवी टाकून तो 'नागरिक साद' झाला. १७९१ मध्ये 'ज्युस्तीन' ही कादंबरी निनावी निघाली आणि त्याच वर्षी त्याचे एक नाटक रंगभूमीवर आले. मारी-कॉन्स्टन्स केने ही नवऱ्याने टाकलेली, एका मुलाची आई असलेली नटी त्याला भेटली आणि मरेपर्यंत त्याच्यासोबत राहिली. त्याच्या वस्तीच्या 'सेक्स्यों दे पिक' या क्रांतिसमितीत त्याचा हात लिहिता असल्यामुळे त्याला लगेच काम मिळाले. दहशतीच्या राजवटीचा सूत्रधार रोबेस्पिएरही त्याच वस्तीतला. सादने इस्पितळांची पाहणी करून अहवाल लिहिला, मारा या क्रांतिनेत्याच्या हत्येनंतर त्याच्या गौरवाचे भाषण केले आणि १७९३ च्या उन्हाळ्यात तो समितीचा अध्यक्षही झाला.

त्या दिवसांतल्या दोन गोष्टी त्याच्या स्वतःच्या पत्रांत आहेत. सभेत एक अमानुष ठराव मताला टाकण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्याने नकार दिला आणि खुर्ची उपाध्यक्षाकडे सोपवली. दुसरी गोष्ट सासू-सासऱ्यांची. मोंत्रय दांपत्याचे नाव संशयितांच्या यादीसाठी समितीपुढे आले होते. ज्या बाईने त्याला तेरा वर्षे डांबले, तिचा जीव आता त्याच्या एका शब्दावर होता. तो गप्प राहिला आणि त्याने त्यांना वाचवले. मी असा सूड घेतो, असे त्याने आपल्या कारभाऱ्याला कळवले.

८ डिसेंबर १७९३ रोजी त्याला अटक झाली. त्याच्यावर 'मवाळपणा'चा ठपका होता, शिवाय दोन वर्षांपूर्वी राजाच्या संरक्षक दलात नोकरी मागितल्याचे कागद सापडले. बाप्तिस्म्याच्या वेळच्या एका चुकीनेही त्याला छळले. 'आल्दोंस' हे घराण्यातले नाव नोंदवहीत 'आल्फोंस' झाले होते आणि तो स्वतः कधी 'लुई साद' अशीही सही करी, त्यामुळे परदेशी पळालेल्या उमरावांच्या यादीत त्याचे नाव चढले आणि आपण देश सोडलेला नाही हे सिद्ध करता करता त्याच्या वहाणा झिजल्या.

मार्च १७९४ मध्ये त्याला पिकप्यूस येथील, श्रीमंत कैद्यांना भाडे घेऊन ठेवणाऱ्या एका आरोग्यगृहात हलवले. बागबगीचा, झाडे, चांगले जेवण. जूनमध्ये गिलोटिन जवळच्या चौकात आणली गेली आणि १४ जून ते २७ जुलै या काळात १३०६ माणसे मारली गेली. त्यांना पुरायला जागा हवी म्हणून शेजारच्या मठाच्या बागेत खड्डे खणले गेले. मी त्या दफनभूमीत पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस पडत होता. आत दाट गवत, भिंतीला लागून लोखंडी दरवाजा आणि त्यापलीकडे खडी पसरलेले दोन चौकोन. तेथे उभे राहिल्यावर आकड्याचा अर्थ कळतो. कवी आंद्रे शेनिए तेथे आहे, काँपिएनच्या सोळा जोगिणी तेथे आहेत. गिलोटिन डोळ्यांपुढे ठेवून काढलेल्या त्या कैदेने, साऱ्या बास्तील मिळूनही केले नसते त्याच्या शंभरपट नुकसान आपले केले, असे सादने पुढे लिहिले.

२७ जुलैला, म्हणजे क्रांतीच्या नव्या पंचांगानुसार ९ थर्मिदॉरला, मारावयाच्या अठ्ठावीस जणांच्या यादीत त्याचे नाव होते. बेलिफ तुरुंगातुरुंगांतून फिरला आणि साद सापडला नाही, अशी नोंद आहे. कागदांतल्या गोंधळामुळे की केनेबाईंनी कोणाचा हात ओला केला म्हणून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच दिवशी रोबेस्पिएर पडला. ऑक्टोबरात साद सुटला.

निरंजना

सीनतीर, हे मला ठाऊक नव्हते आणि वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून होते. सासू-सासऱ्यांना वाचवणे हे मोठे मन आहे, त्याला मी कमी लेखणार नाही. तरीही त्याच्यावरून रोज केलेरचा हिशेब चुकता होत नाही. आपल्या दर्जाच्या माणसांवर दया आणि भिकारणीवर चाबूक, हा त्या काळच्या उमरावांचा धर्मच होता.

सीनतीर

मान्य आहे. मी त्याला निर्दोष ठरवत नाही. सत्ता हातात असताना त्याने काय केले एवढेच सांगितले.

वकिलीबाणा

त्या अनुभवाचा परिणाम त्याच्या लेखनात उघड दिसतो. १७९५ मध्ये आलेल्या 'शयनगृहातले तत्त्वज्ञान' या संवादात मधेच एक राजकीय पत्रक घुसवलेले आहे. फ्रेंचांनो, प्रजासत्ताकवादी व्हायचे असेल तर आणखी थोडा जोर लावा, अशी त्याची हाक आहे. त्यात तो देहदंडाला कडाडून विरोध करतो. त्याचा युक्तिवाद असा, की माणूस रागाच्या भरात खून करतो, पण कायद्याला राग नसतो, वासना नसते. थंड डोक्याने मारण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला? त्या वर्षी, त्या शहरात हे लिहिणारे फार नव्हते.

निरंजना

त्याच पत्रकात, कोणत्याही स्त्रीने कोणत्याही पुरुषाची मागणी नाकारू नये आणि त्यासाठी राज्याने घरे चालवावीत, असेही आहे. बायकांनाही तोच हक्क देतो असे तो म्हणतो खरा, पण नकाराचा हक्क काढून घेतल्यावर उरलेल्या हक्काचे काय करायचे? दोन्ही पाने एकत्र वाचली पाहिजेत.

वकिलीबाणा

यावर मजजवळ उत्तर नाही. आपले म्हणणे रास्त आहे.

अक्षरवेडा

मुळात हे साहित्य आहे का, असा माझा प्रश्न आहे. 'सोदोमचे १२० दिवस' मी इंग्रजीतून हाती घेतले. पहिला भाग, म्हणजे चार धनदांडगे आणि त्यांचा जंगलातला किल्ला, हा विलक्षण ताकदीचा आहे. युद्धात नफेखोरी करून गब्बर झालेली ही माणसे म्हणजे उमराव, धर्मगुरू, न्यायाधीश आणि सावकार. सगळी सत्ता एका छताखाली आणून ठेवली आहे. नंतरचे तीन भाग नुसते टिपणांच्या याद्या आहेत आणि शेवटी शेवटी तर क्रमांक आणि यातना एवढेच उरते. मी शंभरेक पानांनंतर थांबलो. किळस येत होती हे खरे, पण त्याहून मन बधिर होत चालले होते, आणि ते मला अधिक भीतीदायक वाटले. ज्याच्या हाती निर्बंध नसलेली सत्ता आहे त्याला शेवटी मोजण्यापलीकडे काही सुचत नाही, हे त्याला दाखवायचे होते की त्याला स्वतःलाच मोजण्याचे वेड होते? हिरवाचाफा यांनी बायकोच्या पत्रांतल्या आकड्यांविषयी लिहिले तेव्हा मला हे आठवले.

मनोगामी

अक्षरवेडा, मनोविकारांवर उपचार हा माझा व्यवसाय आहे, त्या नात्याने थोडे लिहितो. 'सादिझ्म' हा शब्द १८३४ मध्येच एका फ्रेंच शब्दकोशात आला होता. त्याला वैद्यकीय अर्थ दिला तो ऑस्ट्रियातले मनोविकारांचे प्राध्यापक क्राफ्ट-एबिंग यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्यानंतर माणूस बाजूला पडला आणि निदान उरले.

साद जिवंत असताना डॉक्टरांचे मत वेगळेच होते. ६ मार्च १८०१ रोजी त्याला प्रकाशकाच्या कचेरीत पकडले आणि 'ज्युस्तीन' व 'ज्युलिएत' या कादंबऱ्यांची त्याच्या हस्ताक्षरात दुरुस्त्या केलेली पाने जप्त झाली. नेपोलियन आणि जोसेफिन यांच्यावरच्या एका निंदापत्रिकेमुळे त्याला पकडले ही कथा बरीच फिरते, पण ती पत्रिका त्याची नव्हती. खटला चालवला तर भर न्यायालयात ही पुस्तके वाचावी लागतील आणि बोभाटा होईल, म्हणून पोलिसांनी त्याला प्रशासकीय आदेशानेच आत ठेवले. आधी सँत-पेलाजी, मग बिसेत्र आणि १८०३ पासून शारांतों. तेथील मुख्य वैद्य र्वाये-कोलार यांनी १८०८ मध्ये मंत्र्यांना स्पष्ट लिहिले, की हा माणूस वेडा नाही, त्याचा एकमेव उन्माद दुराचाराचा आहे, त्याला येथून हलवा. म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाचा वैद्यच सांगतो आहे, की हा रुग्ण नाही.

रंगपट

पण तेथेच त्याला त्याची रंगभूमी मिळाली! शारांतोंचे संचालक कुल्मिए हे पूर्वीचे मठाधिपती. मन गुंतले तर रुग्ण सुधारतो अशी त्यांची धारणा होती. त्यांनी इस्पितळात नाट्यगृह उभारले आणि तालमी सादकडे दिल्या. रुग्ण आणि व्यावसायिक नटनट्या एकत्र काम करत, आणि पॅरिसची प्रतिष्ठित मंडळी गाड्या जोडून प्रयोगाला येत. साद नट निवडी, पाठांतर घेई, कधी स्वतः रंगमंचावर उभा राही. केनेबाई 'मुलगी' म्हणून त्याच्याशेजारच्या खोलीत राहत होत्या. १८१३ च्या मे महिन्यात मंत्र्यांच्या हुकमाने प्रयोग बंद झाले. अठराव्या वर्षी घोडदळाचा कप्तान झालेल्या माणसाला साठी उलटल्यावर हवे ते काम मिळाले, तेही कुलूपबंद दरवाजाआड, हे वाचून मला गलबलून येते.

निरंजना

रंगपट, र्वाये-कोलार यांचा आक्षेप निव्वळ सोवळेपणाचा होता असे मला वाटत नाही. दुबळ्या मनाचे रुग्ण प्रेक्षकांपुढे उभे करणे योग्य का, हा प्रश्न आजही इस्पितळांत विचारला जाईल.

रंगपट

विचारला जावाच. तरी त्या काळी इतर ठिकाणी रुग्णांना साखळ्या होत्या, एवढे ध्यानात ठेवू या.

शिशिरसांज

मूळ प्रश्नाकडे परत येतो. मी बसून हिशेब केला. १३ फेब्रुवारी १७७७ ते २ एप्रिल १७९०, मधले महिनाभराचे पलायन वगळता, सुमारे तेरा वर्षे. डिसेंबर १७९३ ते ऑक्टोबर १७९४, दहा महिने. मार्च १८०१ पासून २ डिसेंबर १८१४ रोजी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत पावणेचौदा वर्षे. तरुणपणचे सुटे महिने सोडले तरी साडेसत्तावीस वर्षे होतात. पहिली तेरा वर्षे सासूच्या अर्जावर, शेवटची पावणेचौदा पोलिसांच्या आदेशावर. दोन्हींत न्यायालय नाही. म्हणून मी माझे पहिले मत मागे घेतो. त्याला कृत्यांचीही शिक्षा झाली नाही आणि पुस्तकांचीही. शिक्षा ठरवायला निवाडा लागतो, आणि तो टाळण्यातच सर्वांना सोय वाटली.

त्याची शेवटची इच्छाही अशीच टाळली गेली. १८०६ च्या मृत्युपत्रात त्याने लिहिले होते, की एपेर्नोंजवळच्या आपल्या जमिनीतल्या झाडीत कोणत्याही विधीविना मला पुरा आणि वर ओकची फळे पेरा, म्हणजे रान पुन्हा दाट होईल आणि माझ्या थडग्याची खूण उरणार नाही. त्याला इस्पितळाच्या दफनभूमीत ख्रिस्ती विधीने पुरले आणि दगडावर क्रूस कोरला. काही वर्षांनी कवटी उकरून काढली गेली, कवटीच्या आकारावरून स्वभाव सांगणाऱ्या मस्तकविद्येच्या एका अभ्यासकाने ती नेली आणि ती पुन्हा सापडली नाही. धाकट्या मुलाने शेवटच्या मोठ्या कादंबरीचे हस्तलिखित पोलिसांकडून जाळवले.

हिरवाचाफा

त्या मुलाची बाजूही समजून घ्यावीशी वाटते. त्या आडनावाने जगायचे होते त्याला.

सीनतीर

लाकोस्तची गढी अजून आहे. १७९२ च्या सप्टेंबरात गावकऱ्यांनी ती लुटली, चार वर्षांनी सादने ती विकली आणि २००१ मध्ये प्येर कार्दँ या वेशभूषाकाराने अवशेष विकत घेऊन तेथे उन्हाळी संगीत-नाट्य महोत्सव सुरू केला. आव्हिन्योंहून गाडीने तासाभराचे अंतर आहे. कोणी येणार असल्यास मला जरूर कळवा.

निरंजना

शिशिरसांज, आपला हिशेब पटला. त्यात एक ओळ माझी. निवाडा टाळल्याने सादचे जे नुकसान झाले ते साडेसत्तावीस वर्षांचे, हे आपण मोजू शकलो. रोज केलेरचे मोजता येत नाही. ईस्टरच्या त्या दुपारी तिने खिडकीशी चादरींना गाठी मारल्या, भिंत उतरताना हात सोलपटला, आणि मागून धावत आलेल्या नोकराने पैशांची थैली पुढे केली तेव्हा तिने ती नाकारली, एवढे तिच्या प्रकरणाच्या कागदांत आहे. पुढच्या वेळी सादविषयी कोठे लिहाल, तेव्हा ती नाकारलेली थैलीही लिहा.

शिशिरसांज

लिहीन, निरंजनाताई. मूळ लेख संपादित करून तिचे नाव पहिल्या परिच्छेदात घेतो आहे.